दोन मिलिमीटरची कडी

आमच्या इमारतीला लाल रंग मिळाला त्या सकाळी सोसायटीच्या आवारात सत्यनारायणाची तयारी चालली होती. हिरवाच मिळणार असं धरून सेक्रेटरी जोगळेकरांनी प्रसादाचा रवा भाजायला लावला होता. निकालाचा कागद घेऊन नझमीन आली तेव्हा चौरंगाला केळीचे खुंट बांधून झाले होते आणि जन्मभर होडी चालवलेले तांडेल डोर्लेकर खुर्चीवर उभे राहून आंब्याचं तोरण लावत होते.

नझमीन हजवानी ही किनारी बांधकाम तपासणी कक्षाची इंजिनिअर. तिशीतली पोर, रत्नागिरीचीच. पंधरा दिवस ती आमच्याकडे येत-जात होती आणि रोज माझ्या हातचा चहा पीत होती. त्या दिवशी ती चहा नको म्हणाली, तेव्हाच मला कळलं.

"लाल," ती म्हणाली. "माफ करा, जोगळेकरकाका. चोवीसच्या चोवीस खांब."

तांडेल खुर्चीवरून उतरले. "पोरी, नीट बघितलंस ना? शेजारची इमारत नाही ना ती?"

"शेजारी नारळाची बाग आहे, काका."

"तेच म्हणतो मी. बाग लाल निघाली असेल."

कुणी हसलं नाही. आत रवा करपल्याचा वास सुटला, तरी गॅस बंद करायला कुणी उठलं नाही.

ही गोष्ट २०४१ सालची. समुद्रापासून किलोमीटरच्या आत असलेल्या, तीस वर्षांहून जुन्या प्रत्येक इमारतीची तपासणी तेव्हा सक्तीची झाली होती. हिरवा मिळाला तर दहा वर्षं निश्चिंत. पिवळा मिळाला तर दुरुस्ती करायची आणि राहायचं. लाल म्हणजे सात दिवसांत घर रिकामं. आठव्या दिवशी वीज तुटायची, पंधराव्या दिवशी पाडणारे यायचे आणि माणसं जायची वीस किलोमीटर आत, संक्रमण शिबिरात. शिबिरातून परत आलेलं कुटुंब आमच्या ऐकिवात नव्हतं.

आणि या निकालावर अपील नव्हतं, कारण मशीन चुकत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी खालच्या अंगाच्या एका गावात लाल मिळालेली इमारत लोक सोडेनात. पोलिसांनी उचलून बाहेर काढलं. नवव्या दिवशी ती इमारत बसली. आत एक मांजरसुद्धा नव्हतं. तेव्हापासून लाल म्हटलं की लोक भांडत नसत, सामान बांधायला घेत.

आमच्या ‘दर्याछाये’त बावीस कुटुंबं. तळ अधिक तीन मजले. आमचं घर तळमजल्यावर. पण माझं आणि त्या इमारतीचं नातं घर घेण्याच्या कितीतरी आधीचं. १९८९ साली ती उभी राहिली तेव्हा तिच्या पायापासून गच्चीपर्यंत मी घमेली वाहिली होती. माझे मालक हणमंत धोत्रे त्या कामावर मुकादम होते. आम्ही वडार. दगड फोडत आलो आणि काँक्रीटला लागलो. पुढे आमचा मुलगा व्यंकट ठेकेदार झाला आणि आईबापानं बांधलेल्या इमारतीतच त्यानं घर घेतलं. माझ्या स्वयंपाकघरात जो खांब आहे, त्याच्या सळ्या मी उभ्या राहताना बघितल्या आहेत.

*

मशीन म्हणजे काळ्या पाट्या. शाळेतल्या पाटीसारख्या, पण हाताच्या रुंदीपेक्षा मोठ्या. खांबाच्या दोन अंगांना दोन पाट्या लावायच्या आणि आठवडाभर हात लावायचा नाही. ना आवाज, ना दिवा. पहिल्या दिवशी मी नझमीनला विचारलं होतं, "हे करतं तरी काय?"

तिनं मला हात पुढे करायला सांगितलं. "आजी, या तळहातातून आत्ता एक कण गेला. आणि आता आणखी एक."

"मला काही लागलं नाही."

"कुणालाच लागत नाही. त्याला म्युऑन म्हणतात. लांब अवकाशातून किरण येतात आणि वर हवेवर आपटतात. त्या आपटण्यातून हे कण निघतात आणि खाली बरसत राहतात. तळहाताएवढ्या जागेतून सेकंदाला एखादा. छपरातून, भिंतीतून, आपल्यातून आरपार जातात. पण जाताना किंचित वळतात. समोर जड वस्तू असेल तर जास्त वळतात, हलकी असेल तर कमी. लोखंड जड, काँक्रीट त्याहून हलकं. कण एका पाटीतून आत शिरताना आणि दुसरीतून बाहेर पडताना कुठल्या कोनात होता ते आम्ही टिपतो. असे लाखो कण टिपले की आतल्या सळईचं चित्र उभं राहतं. खांबाला ओरखडासुद्धा न काढता."

"आणि गंज?"

"गंज लोखंडापेक्षा खूप हलका. सळईच्या भोवती हलकी कडी दिसली की समजायचं, गंज."

गंजाचं मला सांगायला नको होतं. काँक्रीटच्या आत सळईवर एक पातळ साय धरते आणि ती लोखंडाला जपते. समुद्राचं मीठ आत झिरपलं की ही साय फाटते. मग लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, दुप्पट तिप्पट होतं आणि आतून काँक्रीट फोडून काढतं. म्हणून असा खांब हातोडीनं ठोकला की बद्द वाजतो. मालकांची लहान हातोडी घेऊन मी बरीच वर्षं तपासनिसांबरोबर हे ठोकण्याचं काम केलं. पाट्या आल्या आणि ते काम संपलं. कानाला कोण विचारतो?

*

निकालाच्या दिवशी दुपारी सगळी इमारत खोकी शोधत होती. जोगळेकरांनी रिपोर्ट माझ्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "दुर्गाबाई, वाचा तुम्हीही. वाचण्यासारखं काही नाही म्हणा. शेवटच्या पानावर शिक्का आहे तेवढाच."

सगळ्यांनी शेवटचंच पान वाचलं होतं. मला तसं जमत नाही. अक्षरं मी पन्नाशीला शिकले. अजून बोट ठेवून वाचते, त्यामुळे काही गाळता येत नाही. पहिल्या पानापासून सुरुवात केली. सातव्या पानावर कोष्टक होतं. खांब क्रमांक एक, कडीची जाडी दोन मिलिमीटर. खांब दोन, दोन मिलिमीटर. तीन, दोन. चार, दोन. चोवीसांपैकी असे वीस खांब. फक्त सतरा ते वीस हे चार खांब निराळे होते. तिथे कडी कुठे एक होती, कुठे तीन, कुठे साडेचार.

मी उठले, हातोडी घेतली आणि स्वयंपाकघरातला खांब ठोकला. खालून वर, चारी अंगांनी. टण. टण. टण. देवळातली घंटा फुटकी असेल, पण हा खांब नव्हता.

नझमीन आवारात पाट्या गाडीत भरत होती. कोष्टक तिच्यापुढे धरलं.

"गंज कधी असा मोजून लागतो का गं? माझा तवा बघ. एका बाजूला खड्डा, एका बाजूला काही नाही. आणि इथे वीस खांबांना सगळीकडे दोन?"

ती थांबली. "मशीन सरासरी बघतं, आजी. कडी दीडच्या वर गेली की लाल."

"आणि खांब वाजतोय कसा?"

"ते... वाजतो कधीकधी." मग ती हळू आवाजात म्हणाली, "मलाही विचित्र वाटलं होतं. पण सळईभोवती हलकी कडी गंजाशिवाय दुसरी कशाची असणार? तीनशे बारा इमारती तपासल्यात आम्ही. दुसरं काही सापडलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे का काही?"

मला माहीत होतं. पण मी हातोडी पदरात गुंडाळली आणि घरात आले.

*

१९८९ साली काम सुरू झालं आणि पायाचे खड्डे भरून झाल्यावर नदीची वाळू येणं बंद झालं. ठेकेदारानं खाडीची वाळू आणून टाकली. माझ्या मालकांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली. "शेठ, ही खारट आहे. सळई खाऊन टाकील." ठेकेदार म्हणाला, "तुला नको असेल तर दुसरी टोळी गेटबाहेर उभी आहे."

उभी होतीच. आम्ही काम सोडलं असतं तरी वाळू तीच लागली असती. आमची चाळीस माणसं मात्र उपाशी गेली असती.

दोन दिवस मालक काम सुटलं की किनाऱ्यावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावरून एक काळं पिंप घेऊन आले. काजूच्या टरफलाचं तेल. खारवी लोक ते होडीच्या बुडाला लावत. होडी जन्मभर खाऱ्या पाण्यात असते आणि तरी लाकूड कुजत नाही, खिळा गंजत नाही. काजूच्या कारखान्यामागे टरफलांचे डोंगर पडलेले असत, त्यामुळे तेलाला तोटा नव्हता. मालक म्हणाले, "वाळू त्याची आहे. सळई आपल्या हातातली आहे."

तेल उकळून दाट करायचं, सळईवर तीन हात द्यायचे आणि शेवटचा हात चिकट असतानाच वर जांभ्या दगडाची पूड शिंपडायची, म्हणजे काँक्रीटला धरायला खरबरीत अंग मिळतं. हे काम माझं. ते तेल कातडी जाळतं. आठवड्यात बोटांची सालं निघाली. वाढली, पुन्हा निघाली. आजही माझ्या सहा बोटांना ठसे नाहीत. रेशनच्या मशीननं मला कधी ओळखलं नाही, ते यामुळेच.

काम संपलं तेव्हा मालकांनी माझ्याकडून शब्द घेतला. "दुर्गे, कुणाला सांगायचं नाही. तेल लावलं हे लोक विसरतील. खारी वाळू घातली हेच लक्षात ठेवतील."

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. शब्द माझ्याकडेच होता.

*

संध्याकाळी व्यंकट आला. त्याच्या दुकानावर बोर्ड आहे, ‘हणमंत मुकादम आणि मंडळी’, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘खारी वाळू वापरत नाही’. बापाची ही एकच गोष्ट तो सगळ्यांना सांगत असे. मी त्याला सगळं सांगितलं.

तो ओट्याला टेकला.

"आई, हे तू आणि मी सोडून कुणाला माहीत आहे?"

"आता हयात कुणालाच नाही."

"मग तसंच राहू दे. शिबिरात जाऊ. मी बघतो सगळं."

"आपण जाऊ रे. तांडेल जातील? समुद्राचा आवाज नसला तर त्या माणसाला झोप लागत नाही. जोगळेकरांच्या बायकोला रोज दवाखाना लागतो."

"आणि तेल टिकलं नसेल तर? बावन्न वर्षं झाली, आई! तू सांगशील, हे लोक राहतील आणि इमारत बसली तर?"

तेल लावलं होतं एवढं मला माहीत होतं. ते टिकलं का, हे माहीत नव्हतं.

"म्हणून तर उघडून बघायला सांगणार आहे," मी म्हटलं. "आधी बघायचं, मग राहायचं."

"उघडलं की वाळू दिसेल. बाबांचं नाव जाईल. माझंही. तीस वर्षं मी काय सांगत आलो लोकांना?"

"तू खोटं सांगितलं नाहीस. तुला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे ना!" तो म्हणाला आणि न जेवता निघून गेला.

*

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी सगळ्यांना आवारात बोलावलं. केळीचे खुंट अजून तसेच होते, पानं कोमेजलेली. नझमीनलाही थांबायला सांगितलं होतं. मी आधी वाळूचं सांगितलं आणि मग तेलाचं. उलट क्रमानं सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, पण ते बरोबर नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरचे सुर्वे उसळले. "म्हणजे पन्नास वर्षं आम्ही मिठावर राहतोय? आणि तुम्ही खाली बसून भाकऱ्या थापताय?"

"मीही त्याच मिठावर राहतेय, भाऊ. आणि माझ्यावर तीन मजले आहेत, तुमच्यावर फक्त पत्रा."

"हणमंत मुकादम म्हणे! देवमाणूस म्हणे!"

मागे व्यंकट उभा होता. मला दिसला. सुर्व्यांचं ऐकून तो वळला आणि फाटकाबाहेर गेला. ते मला वाळूपेक्षा जास्त लागलं.

तांडेल काठी टेकत पुढे आले. "सुर्वे, जरा गप. बाई, तेल कुठलं म्हणालात? टरफलाचं? आमच्या होडीचं?"

"तेच."

"माझ्या बापाची होडी सत्तेचाळीस वर्षं चालली त्यावर." ते नझमीनकडे वळले. "पोरी, फोड एक खांब."

"लाल इमारतीच्या खांबाला हात लावता येत नाही, काका." नझमीननं चष्मा पुसला. "एकच वाट आहे. तपासनिसाला स्वतःच्या निकालाबद्दल शंका असेल तर तो स्वतःच्या जबाबदारीवर एक खांब उघडू शकतो. लेखी द्यावं लागतं. आजवर कुणी दिलेलं नाही."

"का?"

"आत गंज निघाला तर नोकरी जाते. जायलाच हवी. लोकांना खोटी आशा दाखवली म्हणून."

ती माझ्याकडे बघत होती. मी हात पुढे केले, तळवे वर. तिनं माझी बोटं धरून उलटसुलट बघितली. ज्या सहा बोटांना काहीच नाही, त्यांच्यावरून अंगठा फिरवला. मग पिशवीतून कागद काढला, मांडीवर ठेवला आणि लिहायला लागली.

*

खांब माझ्याच स्वयंपाकघरातला उघडायचा ठरला. दुसऱ्या सकाळी आठला सगळी इमारत रिकामी करून माणसं रस्त्यापलीकडे उभी केली. छताला आधार द्यायला जॅक हवे होते. नझमीन फोन लावत होती, तेवढ्यात टेम्पो आला. जॅक, फळ्या, चार माणसं आणि व्यंकट.

"बाहेरचा माणूस कशाला?" तो नझमीनला म्हणाला. "बाबांचा खांब आहे. मीच फोडतो." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बोर्ड उतरवून आलोय. खरं निघालं तर परत लावीन."

"जेवलास का?"

"नंतर."

जॅक लावून झाले. नझमीन मला बाहेर जा म्हणत होती. मी म्हटलं, "सळई कुठे आहे ते मला माहीत आहे. तुझ्या मशीनला विचारून वेळ घालवू नकोस." मी बोटानं जागा दाखवली आणि व्यंकटनं छिन्नी धरली.

गिलावा गेला. मग काँक्रीटचे टवके पडायला लागले. तिसऱ्या टवक्यात पांढरं काही चमकलं. शिंपल्याचा तुकडा, नखाएवढा. व्यंकटनं तो उचलला, बघितला आणि खिशात टाकला. खाडीची वाळू होती, हे सगळ्यांच्या देखत सिद्ध झालं होतं. आता उरलेलं सिद्ध व्हायचं होतं.

आणखी वीस ठोके. मग छिन्नीचा आवाज बदलला.

"थांब," मी म्हटलं.

खाचेत सळई होती. काळी-तांबडी, खरबरीत, जांभ्याच्या दगडासारखी दिसणारी. नझमीनचा चेहरा उतरला. "आजी... हा गंजच दिसतोय."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. रस्त्यापलीकडे बावीस कुटुंबं उभी होती आणि मी त्यांना थांबवून ठेवलं होतं.

"खरवड," मी व्यंकटला म्हटलं.

त्यानं खिशातला चाकू काढला आणि सळईवर दाबून ओढला. गंज असता तर भुगा पडला असता. पडला नाही. एक सलग साल निघाली, वाळलेल्या फणसाच्या चिकासारखी चिवट. तिच्या खाली लोखंड होतं. निळसर, गुळगुळीत, कारखान्यातून काल आल्यासारखं. खिडकीतून येणारा उजेड त्यावर पडला आणि ते चमकलं.

व्यंकट छिन्नी खाली ठेवून तिथेच बसला.

नझमीननं सालाची जाडी मोजली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. "दोन," ती म्हणाली. "दोन पूर्ण." मग तिनं तो तुकडा चिमट्यात धरून लायटर लावला. धूर निघाला, तिखट, डोळ्यांत झोंबणारा. तांडेल कुणाचं न ऐकता कधीच दारात येऊन उभे होते. त्यांनी नाक वर केलं आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असे ओरडले, "अरे, माझ्या बापाच्या होडीचा वास! या रे सगळे! बापाच्या होडीचा वास!"

लोक आत शिरले. सुर्वे सगळ्यांत पुढे. त्यांनी वाकून त्या चमकत्या लोखंडाला बोट लावलं, मग तेच बोट कपाळाला लावलं. माझ्याकडे बघायची त्यांना लाज वाटत होती. म्हणून खांबालाच म्हणाले, "चुकलं, मुकादम."

*

गडबड शमल्यावर नझमीन ओट्यावर बसली. या वेळी तिनं चहा मागून घेतला.

"मशीन खोटं बोललं नाही, आजी. हलकी कडी आहे म्हणालं, ती आहेच. फक्त त्याला एकच नाव शिकवलेलं होतं. हलकं म्हणजे गंज. चूक त्याची नाही, शिकवणाऱ्यांची. बांधणाऱ्यांना आम्ही कधी विचारलंच नाही." तिनं कोष्टक उघडलं. "पण हे सतरा ते वीस? तिथे कडी वेडीवाकडी आहे. तिथे तेल नव्हतं का?"

"चल, ठोकून बघू."

पार्किंगमधून आम्ही एकेक खांब घेत गेलो. नझमीन, व्यंकट, मागे अर्धी इमारत. टण म्हटलं की पोरं टाळ्या वाजवत. सोळा खांब झाले. सतरावा समुद्राच्या बाजूचा. मी ठोकलं.

बद्द.

टाळ्या थांबल्या. अठरावा, बद्द. एकोणिसावा, विसावा तसेच. एकविसावा पुन्हा टण. मी हातोडी धरून उभी राहिले आणि एकदम मला ते दिवस आठवले. समुद्राकडची बाजू, श्रावणातली उघडीप, हातात तेलाचा ब्रश, आणि ओटीपोटातून आलेली पहिली कळ.

"व्यंकू," मी म्हटलं, "हे चार खांब तुझे."

"माझे?"

"या चार खांबांच्या सळ्या उभ्या राहिल्या त्या आठवड्यात तू झालास. मी झोपडीत पडून होते. तेल लावायला कोणी नव्हतं आणि ठेकेदार थांबायला तयार नव्हता. आठ दिवस उशिरा आला असतास तर इमारत हिरवी असती."

आधी तांडेल हसले, मग सगळे. व्यंकट त्या चार खांबांकडे बघत होता. तोही हसला, आणि हसताना त्याचे डोळे भरून आले.

नझमीननं तिथेच निकाल बदलला. वीस खांब निर्दोष. चार खांबांना गंज, दुरुस्ती करावी. तोपर्यंत जॅकचा आधार, माणसांनी राहायला हरकत नाही. पिवळा. जोगळेकरांनी कोमेजलेले केळीचे खुंट काढून नवे बांधायला लावले. संध्याकाळी सत्यनारायण झाला. पूजेला व्यंकट आणि सूनबाई बसले. नझमीननं शिरा दोनदा मागून घेतला.

*

चार खांबांचं काम व्यंकटनं केलं. कुजलेलं काँक्रीट काढलं, गंजलेल्या सळ्या घासून उघड्या केल्या, जोडीला नव्या घातल्या. नदीची वाळू आणली आणि माझ्यासमोर आणून ठेवली. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. गोड.

काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी तो पिंप घेऊन आला. आता त्या तेलापासून शहरात नीट लेप बनवतात, हात जळत नाहीत. पण त्यानं साधंच आणलं होतं, काजूच्या कारखान्यातून. मला हातमोजे दिले. मी एकाहत्तर वर्षांची बाई, स्टुलावर बसून सळ्यांना तेल लावलं. पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात. व्यंकट डबा धरून उभा होता.

"बाबा असते तर काय म्हणाले असते गं?"

"म्हणाले असते, बाईनं काम अर्धं टाकलं ते बावन्न वर्षांनी पुरं केलं. पूड आण, तेल सुकतंय."

दुकानावर बोर्ड परत लागला. ‘खारी वाळू वापरत नाही’ ही ओळ तशीच आहे. खाली व्यंकटनं नवी ओळ रंगवून घेतली, ‘एकदा वापरली होती. इमारत उभी आहे.’ गिऱ्हाइकं त्या ओळीबद्दल विचारतात आणि तो शिंपल्याचा तुकडा काढून दाखवत सगळं सांगतो. बापाची गोष्ट आता पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे.

नझमीननं मशीनला दुसरं नाव शिकवलं. सारख्या जाडीची, चिवट, न फुगणारी कडी. मग तिनं जुन्या लाल इमारतींचे आकडे पुन्हा काढले. पाडायच्या राहिलेल्या सात होत्या. त्यातल्या तीन इमारतींत तीच कडी निघाली. दोन माझ्या मालकांच्या हातच्या; तिथे वाळू नदीची होती, पण त्या वर्षानंतर त्यांनी तेल सोडलं नव्हतं. तिसरी कुणाची ते मला माहीत नाही. कुठल्यातरी मुकादमानं कुठल्यातरी ठेकेदाराचं ऐकून घेतलं असेल आणि त्याच्या बायकोनं हात जाळून घेतले असतील. तपासणीच्या अर्जात आता पाट्या लावण्याआधीचा एक प्रश्न असतो, ‘बांधकाम कोणी केलं? हयात असल्यास त्यांना विचारलं का?’ विचारायला लोक येतात. मी हातोडी घेऊन जाते.

दुरुस्तीनंतर तीन महिन्यांनी आमच्याकडे पुन्हा पाट्या लागल्या. आठवड्यानं नझमीन रिपोर्ट घेऊन आली. आवारात सगळे जमले होते. जोगळेकर शेवटचं पान उघडायला लागले तेव्हा तिनं रिपोर्ट त्यांच्या हातून काढून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

मी सातवं पान काढलं, बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. खांब एक, दोन मिलिमीटर. खांब दोन, दोन मिलिमीटर. कुणी घाई केली नाही. सोळा झाले. सतरा, दोन मिलिमीटर. अठरा, दोन. एकोणीस, दोन. वीस, दोन. चोवीसपर्यंत वाचलं आणि मगच पान उलटलं.

"जोगळेकर," मी म्हटलं, "रवा भाजायला घ्या. आणि या वेळी कुणीतरी गॅसजवळ उभं राहा."